एकाच दिवसाचं पाणी

३ मार्च

काका,

नमस्कार. पाया पडायला तिथे नाही, तेव्हा ह्या ओळीत वाकले आहे असं धरून चाला.

सापडला! काका, दुष्काळ सापडला! काल मी प्रयोगशाळेत एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतून आमच्या मॅडम चष्मा सावरत धावत आल्या. त्यांना वाटलं, मी हातावर ॲसिड सांडून घेतलं.

नीट सांगते. मागच्या वर्षी आम्ही तुमच्या टेकडीतल्या गुहेत येऊन थोरली आणि धाकटी, आपल्या त्या दोन चुन्याच्या खांबांच्या पोटातून काकडीएवढ्या जाडीचा गाभा काढून आणला. ड्रिल सुरू झाल्यावर तुम्ही "हळू रे, दुखेल तिला" म्हणत होतात आणि माझे सहकारी तोंड फिरवून हसत होते. तर छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साचून हे खांब वाढतात, वर्षाला जेमतेम एका केसाएवढे. पाऊस बरा झाला तर थर जाड, नाही झाला तर बारीक. थोरलीचा गाभा उभा चिरून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून मी सात महिने थर मोजते आहे. मान इतकी आखडली आहे की रस्ता ओलांडताना मला अख्खंच्या अख्खं वळावं लागतं.

आणि काल, साधारण नऊशे वर्षांपूर्वीच्या भागात थर एकाएकी बारीक झाले. एक नाही, दोन नाही, ओळीने साठ! म्हणजे साठ वर्षं पाण्याचा ठणठणाट. माणूस जन्माला येऊन म्हातारा झाला असेल आणि त्याने धड पाऊस पाहिला नसेल. ह्या दुष्काळाचा उल्लेख कुठल्याही कागदात नाही, मी सगळे शोधले. लिहायला मागे कुणी राहिलंच नसेल.

मॅडमचं नेहमीचं तुणतुणं सुरू आहे, धाकटीचाही गाभा वाच, मग बोल. धाकटी अजून पेटीत आहे, तिची पाळी लागेल तेव्हा लागेल. मला तर तिची गरजच वाटत नाही.

आईबाबांनाही अजून सांगितलेलं नाही. नऊ वर्षांची असताना मला त्या गुहेत कुणी नेलं? फटीतून आधी मी सरपटत गेले म्हणून "मुंगी" हे नाव कुणी ठेवलं? मग पहिला हक्क तुमचाच.

तुमची,
मुंगी


२० मार्च

चि. मुंगी,

आशीर्वाद तुझ्या नावावर कायमचे जमा आहेत, दर पत्रात नव्याने लिहीत नाही.

पत्र दुकानात आलं. एक गिऱ्हाईक मनगटी घड्याळ घेऊन समोर उभं होतं, त्याला म्हटलं, थांब जरा, आधी नऊशे वर्षांपूर्वीचं बघू दे. माणूस वैतागून गेला. जाऊ दे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे येऊन घाई करायची म्हणजे काय!

तुझे बाबा फोनवर म्हणाले, पत्रं कसली लिहिता, सरळ बोला की. त्यांना सांगितलं, फोनवर बोललेलं विरून जातं, कागद खिशात राहतो. तुझं पत्र आता माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. वस्तीतल्या चाळीस घरांपैकी तीसेक घरांना तरी वाचून दाखवलं असेल. दुकानासमोरच्या बाकावर बसलेल्यांना दोनदा.

आता कामाचं विचारतो. ते खडीवाले पुन्हा येऊन गेले. त्यांना आमची टेकडी फोडून चुनखडी न्यायची आहे आणि आम्हाला खाली हमरस्त्यालगत नव्या इमारतीत खोल्या द्यायच्या आहेत. टेकडी चाळीस घरांची सामाईक आहे, आणि पाच वर्षं मी "नाही" म्हणतो म्हणून बाकीचे "नाही" म्हणतात. ह्या वेळी तुझं पत्र ऐकून लोकांची चुळबुळ सुरू झाली आहे. विहिरी तशाही दोन वर्षं तळाला गेल्या आहेत. शेजारच्या शिलाईवाल्या बाईंनी सरळ विचारलं, "असला दुष्काळ परत आला तर? आणि आकडा चुकला असेल तर?" बाईंचं डोकं कात्रीसारखं चालतं, तू ओळखतेसच.

मला सांग, मोजणी पक्की आहे ना? मी साधा लंबकसुद्धा तीनदा तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. आणि इथे राहावं की नाही, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?

तुझा,
काका


२ एप्रिल

काका,

तुम्ही म्हणजे ना! मी सात महिने मान मोडून मोजलं आणि तुम्ही विचारता पक्कं का? तीनदा मोजलंय. साठ म्हणजे साठ. फार तर एखाददुसरा थर इकडे-तिकडे होईल.

शिलाईवाल्या बाईंना सांगा, दुष्काळ एकदा येऊन गेला म्हणजे त्याला वाट माहीत झाली. तो परत येणार. आज, का पन्नास वर्षांनी, ते मी सांगू शकत नाही, पण येणार. मी तुमच्या जागी असते तर नातवंडांना त्या टेकडीवर ठेवलं नसतं. कुणी शंका काढली तर खुशाल माझं नाव घ्या. आकडा माझ्या नावावर आहे.

पुढच्या आठवड्यात मोठ्या परिषदेत हेच मांडायचं आहे. तीनशे माणसं असतील. निळी साडी नेसू की करडी? आई म्हणते निळी, म्हणून मी करडी नेसणार आहे.

तुमची,
मुंगी


२८ जून

काका,

नमस्कार. बऱ्याच दिवसांत पत्र नाही, रागावला असाल. इथे कामाचा डोंगर आहे. परिषद छान झाली, टाळ्या पडल्या. मॅडमनी माझी नोकरी कायम करायची शिफारस केली आहे, ऑगस्टमध्ये कागद निघेल असं दिसतं.

एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. जुलैपासून वर्षभर, दर महिन्याच्या शेवटी गुहेत जाऊन थोरली आणि धाकटी, दोघींवर पडणाऱ्या पाण्याची एकेक छोटी बाटली भरून ठेवायची. बाटल्या वेगळ्या पाठवते आहे. झाकण घट्ट लावायचं, आत हवेचा बुडबुडा नको, वर तारीख. आणि मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजून लिहायचं. एका तक्त्याची पडताळणी करायची आहे, बाकी विशेष काही नाही.

आणि हो, ते साठ वर्षांचं जरा मनातच ठेवा. इतक्यात कुणाशी फार बोलू नका. अजून छापून यायचं आहे.

पायाला जपा. उतारावर काठी घेत चला.

मुंगी


९ जुलै

चि. मुंगी,

कळलं. तोंडाला कुलूप लावलं आणि किल्ली फेकून दिली. छापून येण्याआधी कुणी दुसरा तुझा आकडा पळवील, ही भीती असणार. आमच्या धंद्यातही असले चोर असतात. माझा एक शागीर्द माझीच हत्यारं घेऊन समोरच्या गल्लीत दुकान थाटून बसला होता. आता तुझं मार्चचं पत्र खिशातच ठेवतो, वाचून दाखवत नाही. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलंच आहे.

बाटल्या पोचल्या. तू दिलेलं थेंबमोजं घड्याळ गळ्यात घालून जातो, तर बाकावरची मंडळी शर्यतीचा पंच म्हणून चिडवतात. पण चूक होणार नाही.

इथे एक मोठी गोष्ट चालली आहे. झाली की कळवीन, आत्ता तुझ्या डोक्याला ताप नको. नोकरीचा कागद हातात पडला की पहिलं मला लिही.

तुझा,
काका


८ जुलै

चि. मुंगी,

बरोबर वर्ष झालं. खोक्यात थोरलीच्या बारा आणि धाकटीच्या बारा अशा चोवीस बाटल्या आहेत, भुशात नीट बसवून पाठवल्या आहेत. थेंबांची वही सोबत आहे. वर्षभरात तुझी दोनच पत्रं आली, दोन्हींत हवापाणी. मी म्हटलं, मोठी झाली आहे पोर, वेळ कुठून मिळणार. माझीही पत्रं तशीच, त्यामुळे मी काय बोलणार?

गुहा ठीक आहे. थोरली आणि धाकटी मजेत आहेत.

आता पडताळणी झाली की कळव. वाट बघतो.

काका


३० जुलै

काका,

हे पत्र मी चारदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तुम्ही मला फसवलंत. बाटल्या खोट्या आहेत.

पाण्यात हलका ऑक्सिजन असतो आणि जड असतो, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक पावसाचं वेगळं. डोंगरातून मुरताना बरंच एक होतं, तरी महिन्या-महिन्यात थोडा फरक राहतोच. आमच्या यंत्राला तो दिसतो. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या बाटल्या वेगवेगळ्या आल्या, म्हणजे खऱ्या आहेत. ऑक्टोबरपासून जूनपर्यंतच्या नऊ बाटल्या? एकच पाणी. शेवटच्या दशांशापर्यंत एक, आणि तेही सप्टेंबरच्या बाटलीतलंच. थोरलीच्या नऊ जुळ्या आणि धाकटीच्या नऊ जुळ्या. यंत्र बिघडलं म्हणून मी ते उघडून साफ केलं, दोन दिवस घालवले, आमच्या तंत्रज्ञ दादांना नको नको ते बोलले. मग पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तुम्ही सप्टेंबरअखेर एकाच दिवशी अठरा बाटल्या भरून ठेवल्यात आणि त्यांच्यावर नऊ महिन्यांच्या तारखा घातल्यात.

मग वही उघडली. थोरलीचे थेंब जुलैत एकतीस, ऑगस्टमध्ये चौतीस, सप्टेंबरमध्ये एकोणतीस. इथवर ठीक. मग अठ्ठावीस, सत्तावीस, सव्वीस, पंचवीस... दर महिन्याला बरोब्बर एक कमी, जूनमध्ये वीस. अहो, कुठला डोंगर असा ठिबकतो? घड्याळजी माणूस, खोटंसुद्धा टिकटिक करत लिहिलंत! हसू आलं मला, आणि मग तिथेच प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून रडले. मॅडम आल्या, तर डोळ्यांत काहीतरी गेलं असं सांगितलं.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी काही बोलले नसते. पगारी माणसं करतात असं, आम्हाला सवय आहे. पण तुम्ही? "मोजलेलं नसेल तर मोजलं नाही म्हणून लिहायचं, मुंगी, रिकामी जागा सोडायची पण मनचं भरायचं नाही", हे मला कुणी शिकवलं? मी नऊ वर्षांची होते. मी तुमच्या वहीत न मोजताच एक आकडा घातला होता आणि तुम्ही मला पुन्हा फटीतून आत पाठवलं होतंत, मोजून ये म्हणून. त्या दिवसापासून आजपर्यंत मी एकही आकडा मनचा लिहिला नाही. आणि तुम्ही माझ्याच हातात अठरा बाटल्या ठेवल्यात!

गुडघे दुखत होते का? मग एक ओळ लिहायची होती. कंटाळा आला होता का? तेही चाललं असतं. वर्षभर माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत, आणि वर "थोरली आणि धाकटी मजेत आहेत". तुम्ही ऑक्टोबरपासून त्यांच्याकडे फिरकला तरी आहात का?

तुम्हाला कल्पना नाही त्या पाण्यावर माझं काय काय अवलंबून होतं. सगळं होतं. ते पाणी माझं शेवटचं होतं, काका.

उत्तर द्या. गंमत नको, खरं उत्तर द्या.

मुंगी


९ ऑगस्ट

चि. मुंगी,

तुझं पत्र खरं आहे. ऑक्टोबरपासूनचं पाणी सगळं तीस सप्टेंबरचं आहे. सकाळी अकरा ते दुपारी तीन, चार तास बसून भरलं. वहीतले पुढचे आकडे मनचे. एवढं बोलतेस ते सगळं मला लागू आहे, एक शब्द मी खोडणार नाही.

कारण सांगतो. ऑक्टोबरपासून टेकडीला तारेचं कुंपण आहे आणि गुहेच्या तोंडावर खडीवाल्यांचा रखवालदार. मी आत जाऊ शकत नव्हतो. दोनदा गेलो होतो, तू दिलेलं घड्याळ दाखवून म्हटलं, चार मिनिटं सोड, थेंब मोजून येतो. तो म्हणाला, आजोबा, घरी जा.

टेकडी आम्ही दिली, मुंगी. माझ्याच तोंडून दिली. मागच्या वर्षी तेरा ऑगस्टला सभा झाली. त्या दिवशी मी उठून "हो" म्हटलं आणि एकोणचाळीस घरांनी माझ्यामागे सही केली. शिलाईवाल्या बाई तेवढ्या शेवटपर्यंत बसून राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्या पुतणीचा आकडा चुकला तर?" मी खिशावर हात ठेवून सांगितलं, "माझी पुतणी आहे. तिला मी मोजायला शिकवलंय." मग त्याही उठल्या.

तुला का सांगितलं नाही? तू टेकडी गेली म्हणून रडली असतीस, आणि नोकरीचा कागद यायचा होता. मग एकदा लपवलं ते लपवतच गेलो. तुला वर्षाचं पाणी हवं होतं आणि पुढच्यासाठी माझ्याकडे एका दिवसाचंच होतं, ते वाटून नऊ महिने पुरवलं. म्हाताऱ्याच्या डोक्यात असला हिशेब येतो. तुझं काम अडायला नको, एवढंच होतं मनात. तुझं यंत्र इतकं बारीक पाहतं हे ठाऊक असतं तर केलं नसतं, असं म्हणणार होतो, पण ते आणखी वाईट दिसेल.

आता आम्ही खाली हमरस्त्यालगत चौथ्या मजल्यावर आहोत. दोन खोल्या आहेत, गॅलरीतून ट्रक दिसतात. दुकान मोडलं. खिडकीपाशी टेबल मांडून येईल ते घड्याळ बघतो. समोरच्या दारात शिलाईवाल्या बाई. दिवसभर सुरुंगाचे आवाज येतात. अजून ते पलीकडच्या अंगाला फोडत आहेत, गुहेची बाजू पुढच्या महिन्यात घेणार म्हणतात.

त्रास होतो, खोटं कशाला बोलू. पण रोज सकाळी उठून स्वतःला सांगतो, साठ वर्षं कोरडी येण्याआधी चाळीस घरं बाहेर काढली. माझ्या मुंगीने वेळेवर सांगितलं म्हणून निघालो. नातवंडं पाण्यावाचून राहणार नाहीत. तेवढ्यावर दिवस जातो.

मला क्षमा कर. बाटल्यांसाठी.

तुझा,
काका


२७ ऑगस्ट

काका,

अठरा दिवस लागले. लिहायला बसत होते आणि उठत होते.

दुष्काळ नव्हता.

मागच्या वर्षी जूनमध्ये धाकटीचा गाभा पेटीतून काढला. तीच साठ वर्षं, शंका नको म्हणून वयं दोनदा काढून घेतली. धाकटीचे थर जाडजूड आहेत. भरभरून पाऊस होता, काका. थोरलीवरचा थेंब फक्त सरकला होता. छतात कुठेतरी बारीक चीर पडली असेल, पाणी हातभर बाजूला पडायला लागलं आणि थोरली उपाशी राहिली. मी एकाच खांबावरून सगळा मुलूख कोरडा करून टाकला. शिकाऊ मुलंसुद्धा एकावर विसंबत नाहीत. मॅडम सांगत होत्या.

हे मला बावीस जूनला कळलं. अठ्ठावीसला मी तुम्हाला "मनातच ठेवा, छापून यायचंय" असं लिहिलं. खरं लिहायची लाज वाटली. तीनशे माणसांसमोर टाळ्या घेतल्या होत्या, ऑगस्टमध्ये नोकरी कायम व्हायची होती. वाटलं, धाकटीवर पावसाचं नाही, जुनं साठलेलं पाणी ठिबकतं असं वर्षभराच्या पाण्यावरून निघालं, तर कदाचित तीच चुकीची ठरेल आणि माझा आकडा वाचेल. म्हणून बाटल्या मागितल्या. नोकरी कायम झाली. नंतर मी लेखातून "साठ वर्षं" काढून टाकलं आणि एका तळटीपेत दोन ओळी घातल्या. कुणी काही विचारलं नाही.

तुम्ही टेकडीबद्दल विचारत होतात हे मला समजलंच नाही. मला वाटलं, बाकावरच्या गप्पा आहेत.

काही थांबवता येईल का? मी लेखी द्यायला तयार आहे, सही-शिक्क्यासकट. माझ्या तोंडून "क्षमा" हा शब्द आता कसा निघावा तेच कळत नाही.

मुंगी


११ सप्टेंबर

पत्र मिळालं.

तुझा कागद घेऊन मी खडीवाल्यांच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबाने तो वाचला, चहा मागवला आणि सही झाली आहे, एवढंच म्हणाला. माणूस वाईट नाही. त्याने कुणाला फसवलेलं नाही.

मी साधी मोजणी केली आहे, ती तपासून घे. तुझं पत्र अठ्ठावीस जूनचं. माझी सही तेरा ऑगस्टची. मधे शेहेचाळीस दिवस. टपालाला चार लागतात. मी नऊ जुलैला तुला लिहिलं होतं की इथे एक मोठी गोष्ट चालली आहे. काय चाललंय, असं तू उलट विचारलं नाहीस. शेहेचाळीस दिवसांत केव्हाही "चुकलं" हा एक शब्द आला असता, तर मी सभेत उठलो नसतो. मी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो, मुंगीचा आकडा चोर नेतील म्हणून. मला काय ठाऊक, चोर कुठे आहे!

मी तुला खोटं पाणी दिलं. त्यावर तू पाठपोट चार पानं लिहिलीस, आणि प्रत्येक ओळ मी सोसली. तुझ्या खोट्याला तुला दीड पान पुरलं. ते चार पानी पत्र लिहितानाही तुला माहीत होतं की दुष्काळ नव्हता. "मनचा एकही आकडा लिहिला नाही" हे तू त्याच पत्रात लिहिलं आहेस. काढून बघ.

आकडा चुकला ह्याचा मला राग नाही. आकडे चुकतात, मी आयुष्यभर चुकलेलीच घड्याळं हाताळली. पण चाळीस घरं तुझ्या नावावर उठली आणि तू तळटीप लिहिलीस. केसाने गळा कापलास, आणि गळा माझाच निवडलास, कारण मी तुला विचारणार नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं.

काल सकाळी समोरच्या दारात गेलो. शिलाईवाल्या बाई मशीनवर होत्या. उभ्याउभ्याच सांगितलं, की आकडा चुकला होता, पोरीला सहीच्या आधीच कळलं होतं, दुष्काळ कधी नव्हताच. मला वाटलं, त्या ओरडतील. मी त्यासाठीच गेलो होतो. त्यांनी शिवण पुरी केली, दोरा तोडला. मग विचारलं, "ती धाकटी, जिच्यात पाऊस होता, ती आहे का अजून?"

म्हटलं, नाही. बुधवारी उडवली.

तुझी मागच्या वर्षीची तीन पत्रं, मार्च, एप्रिल आणि जूनची, ह्याच पाकिटात परत पाठवतो आहे. थेंबमोजं घड्याळही. ते चालू आहे, वेळ बरोबर लावली आहे.

घड्याळजी